सर्व्हिसला आहे

आमच्या घरात सर्व्हिस हा शब्द आईने आणला. तिला सही येत नव्हती, अंगठा होता. पण चाकणच्या बाजारात कांदे घेऊन बसली की चार बायकांच्या तोंडून चार शब्द घेऊन यायची, आणि त्यातला एखादा तिला आवडला की तो महिनाभर पाहुण्यासारखा घरात राहायचा. हा तर राहिलाच. शाळेतले मास्तर सर्व्हिसला, तलाठी सर्व्हिसला, एसटीतला कंडक्टर सर्व्हिसला. पाऊस पडो न पडो, ज्याचं घर चालतं तो सर्व्हिसला. बाकीचे आमच्यासारखे, म्हणजे काहीच नाहीत. नोकरी म्हटलं की आईला कुणाच्या तरी दारात हात बांधून उभा असलेला गडी दिसायचा, सर्व्हिस म्हटलं की खुर्ची दिसायची. दोन्ही एकच गं, असं मी एकदा सांगून बघितलं. ती म्हणाली, "मग इंग्रजांनी येगळा शब्द कशापायी केला असता?" मी सातवी नापास.

आमचं निघोज्याचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं ओटा आणि ओट्याला लागून म्हशीची जागा. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळं घरात आवाज आईचाच. पहाटे भाकरी थापल्याचा, मग म्हशीला शिव्या, मग मला शिव्या. न्याहारीला बाजरीची भाकरी आणि कांद्याची चटणी, थंडीत हुलग्याचं माडगं. वारा खालच्या अंगाचा असला की भोसरीच्या कंपन्यांचा भोंगा नदी ओलांडून आमच्या ओट्यापर्यंत यायचा. तो ऐकला की आई तव्यावरचा हात थांबवून म्हणायची, "वाजली बघ लोकांची सर्व्हिस." आता निघोज्यात गावाच्या कडेलाच कंपन्या आहेत, आमच्या वावराच्या बांधावरून त्यांची भिंत गेली आहे, आणि भोंगा म्हणून काही वाजत नाही. माणसं कार्ड दाखवून आत जातात. आई असती तर म्हणाली असती, मुकी सर्व्हिस.

भोंगा ऐकून ऐकून मी सायकल काढून मोशीच्या पुलावरून भोसरीला जायला लागलो. कंपन्यांच्या दारात उभं राहायचं, वॉचमननं हाकललं की पुढच्या दारात. सातवी नापासाला कोण घेतंय. शेवटी नाशिक रस्त्याच्या कडेला उस्मानभाईंनी घेतलं. त्यांचं गाड्या धुण्याचं आणि ग्रीस-ऑइल करण्याचं ठिकाण होतं. एक पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, आणि मधे माणूसभर खोल खड्डा. ट्रक खड्ड्यावर उभा करायचा, आणि खालून जो चिखल, शेण, डांबर चिकटलेलं असेल ते फवाऱ्यानं आणि खरवडणीनं काढायचं. खड्ड्यात उतरायला कुणी तयार नव्हतं म्हणून माझी वर्णी लागली. पहिल्या दिवशी घरी आलो तर आईनं विचारलं, तिथं बोर्डावर काय लिवलंय? मी वाचलं होतं तसं सांगितलं, "सर्व्हिस स्टेशन." आई उठली, देवाजवळ साखर ठेवली, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या आळीत सांगून आली की दत्तू सर्व्हिसला लागला.

मी तिला थांबवलं नाही. हे लिहायला सोपं आहे, म्हणून लिहून टाकतो. गाड्या धुतो हे तिला माहीत होतं, माझे कपडे तीच धूत होती. पण बोर्डावर लिहिलंय म्हटल्यावर तिच्या लेखी ते कंडक्टरच्या शेजारी जाऊन बसलं. फरक मला कळत होता, तिला नाही.

आता मी रावेतला पोराकडं राहतो, त्याच्या बिल्डिंगला दोन लिफ्ट आहेत. पुढची माणसांची, आत आरसा. मागची सर्व्हिसची, तसं दारावरच लिहिलं आहे. कचऱ्याची पोती, सिमेंट, कपाटं आणि धुणीभांडी करणाऱ्या बाया मागच्या लिफ्टनं येतात. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला माझी बायको विमल गेली, तेव्हा स्ट्रेचर पुढच्या लिफ्टमध्ये मावेना. वॉचमन चांगला पोरगा आहे, हळूच म्हणाला, "काका, सर्व्हिसनं घ्या." तिला सर्व्हिसनं खाली नेलं. आतल्या पत्र्यावर कुणीतरी रंगाचे हात पुसलेले होते, तेवढे मी अकरा मजले बघत उभा होतो. घरी परत आल्यावर हा शब्द डोक्यातून जाईना. इंग्रजांनी एकाच शब्दात किती माणसं कोंबली आहेत. साहेबही त्यात, कचराही त्यात. म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर मला लिहायची हौस नाही.

उस्मानभाई कामाला कडक होते. चाळिशीचे, दाढी ठेवलेली, बोलणं आमच्यासारखंच, मधे मधे हिंदी. गाडी वरून चकचकीत करून मी बाजूला झालो की म्हणायचे, "वरनं काय धुतो, वरनं तर पाऊस पन धुतो. खाली बघ." मग पुन्हा खड्ड्यात. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या फटीत बोट घालून बघायचे. बोटाला माती लागली की बोट माझ्या गालाला पुसायचे. पण जेवायच्या वेळी स्वतःच्या डब्यातलं कालवण माझ्या भाकरीवर वाढल्याशिवाय घास घेत नसत. हात धुवायला रॉकेल आणि लाकडाचा भुसा होता, त्यानं कातडं निघायचं, काळं निघायचं नाही. नखांच्या कडा तर कायमच्या गेल्या. परवा सोसायटीतली एक बाई म्हणाली, काका, तुम्ही काकूंची फार सेवा केली हो. सेवा कसली. विमल अंथरुणाला खिळली होती, तिला कुशीवर वळवावं लागायचं, वळवली. पाठीला जखम होऊ नये म्हणून खालून पुसून कोरडं ठेवावं लागायचं, ठेवलं. नर्स यायची ती वरवरचं करून जायची. मला खालचं बघायची सवय होती, एवढंच.

तर लग्न. गेनूमामा, आईचा भाऊ, तळेगावच्या बाजूचं स्थळ घेऊन आला. मुलीचे वडील भाताचे शेतकरी, सगळे त्यांना तात्या म्हणत. बघायला गेलो तेव्हा माझे हात मी मांडीखाली धरून बसलो होतो. विमल पोहे घेऊन आली, मी फक्त तिचे पाय बघितले. तात्या सुपारी कातरत होते.

"पोरगा काय करतो?" त्यांनी मामाला विचारलं.

"सर्व्हिसला हाय."

"कुठं?"

"भोसरीला."

भोसरी म्हटल्यावर तात्यांनी कंपनीच धरली. कुणीही तीच धरली असती. मामानंही काही लपवलं नव्हतं, आईनं जे सांगितलं ते त्यानं पुढं दिलं. तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि थेट माझ्याकडं बघितलं.

"परमनंट हाय का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आतल्या दाराशी बांगड्या थांबल्या. मनात म्हटलं, उस्मानभाई मला काढणार नाहीत, खड्ड्यात दुसरं कोण उतरतंय, म्हणजे परमनंटच की. आणि तोंडानं म्हणालो, "व्हय."

त्या एका व्हयवर लग्न लागलं. विमल घरी आली ती आंबेमोहर तांदळाचं गाठोडं घेऊन. आमच्याकडं भात म्हणजे सणाचा. तिनं तिसऱ्याच दिवशी रांधला तर आई म्हणाली, "भातानं पोट भरत न्हाई, नुसतं फुगतं." विमल म्हणाली, "आमच्याकडं तर समदे भरल्या पोटानंच मेलेत." आई हसली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं, आणि मला जास्त भीती वाटायला लागली. विमल पाणवठ्यावर सांगायची, आमचं मालक सर्व्हिसला. मग बायका जे विचारत ते ती मला येऊन विचारायची. तुमची पाळी कंची? दिवसपाळी. कंपनीचं खाकी कपडं न्हाई मिळालं? मिळायचं हाय अजून. हाताला हे काय लागतं? मशीनचं ऑइल. मी इस्त्रीच्या सदऱ्यात घरून निघायचो, शेडमागं कपडे बदलायचो आणि येताना पुन्हा सदरा. एकदा तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेऊन नखांतलं काळं काडीनं काढायला घेतलं. दहाही बोटं झाली. तेव्हा सांगता आलं असतं.

पहिली दिवाळी जवळ आली. दिवाळसणाला जावयाला बोलवायला सासऱ्यानं जातीनं यायचं, ही रीत. तात्यांनी ठरवलं की घरी बोलावण्यापेक्षा कंपनीच्या दारातच जाऊन बोलवावं, म्हणजे चार साहेब बघतील. नवं धोतर, फेटा, तांदळाचं गाठोडं, असे ते तळेगावहून आगगाडीनं येऊन कासारवाडीला उतरले आणि चालत भोसरीत आले. एका कंपनीच्या दारात नाव सांगितलं. वॉचमननं वही बघितली, नाही. दुसरीत नाही. तिसरीत वॉचमन म्हणाला, खातं सांगा. तात्यांना खातं कुठलं माहीत असणार. शेवटी एका चहावाल्याला त्यांनी विचारलं, निघोज्याचा दत्तू कुठल्या कंपनीत सर्व्हिसला हाय? चहावाला आमच्याकडं रोज चहा द्यायचा. म्हणाला, "दत्तू व्हय? तो तिकडं पुढं, सर्व्हिसलाच हाय की."

उस्मानभाईंनी फेटेवाला माणूस बघून स्टूल पुसून दिलं. मी खड्ड्यात, वर खडीचा ट्रक. वरचं सगळं मला ऐकू येत होतं.

"बसा चाचा. कंची गाडी हाय?"

"गाडी न्हाई. जावई हाय."

"जावई? त्याला काय ग्रीस करायचं?" उस्मानभाई हसले.

"आमचा जावई हितं सर्व्हिसला हाय म्हनं. दत्तू."

"मग बराबर आलात. ए दत्तू, वर ये. सासरे आलेत तुझे."

मी वर आलो. अंगात फाटका बनियन, तोंडावर खडीचा चिखल आणि जुनं ऑइल. त्यांच्यापासून दोन हातांवर उभा राहिलो. तात्या माझ्या खांद्यावरून मागं बघत होते, मी कधी येतो म्हणून. तेवढा वेळ गेला, तो काही फार नसेल. पण इतकी वर्षं झाली, त्या वेळात मी अजून तिथंच उभा आहे. मग मी म्हणालो, "तात्या, मीच."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बोर्डाकडं बघितलं. वाचता त्यांनाही येत नव्हतं.

"ही सर्व्हिस?"

"व्हय."

"धुनं धुतोस मोटारींचं."

उस्मानभाईंना काहीतरी चुकतंय हे कळलं. ते म्हणाले, "चाचा, पोरगा सोन्यासारखा हाय, काम तर असं करतो..." तात्यांनी त्यांना हातानं थांबवलं. गाठोडं उचललं आणि रस्त्याला लागले. निघोज्याच्या दिशेनं, चाकणची एसटी धरून. उस्मानभाई मला म्हणाले, "सांगितलं नव्हतंस?" मी मान हलवली. त्यांनी फवारा बंद केला. "जा. तोंड धू आणि जा."

तोंडावरचं काळं निघेपर्यंत उशीर झाला. मी सायकलवरून पोचलो तेव्हा तात्या ओट्यावर उभे होते आणि आई खाली अंगणात, कमरेवर हात.

"आमी काय खोटं बोललो?" आई म्हणत होती. "बोर्डावर सर्व्हिस लिवलंय. जावा, कुनाकडनं बी वाचून घ्या!"

"देवळाच्या पायरीला हात पसरून बसतो त्यो बी मग देवाच्या सर्व्हिसलाच म्हना!"

"माझं पोरगं हात पसरत न्हाई!"

"हात बघा त्याचं आन मग बोला."

विमल दारात आली. तात्यांकडं नाही, आईकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "तुमाला ठावं व्हतं?"

"काय?"

"तात्या काय समजलं, ते."

आईनं मला तोंड उघडायला वेळच दिला नाही. "त्याला काय ठावं असनार, भोळं हाय ते." ही वाट आईनं मला करून दिली होती. मी त्या वाटेनं गेलो असतो तर कदाचित सगळं तिथंच मिटलं असतं. पण विमल बघत होती. मी म्हणालो, "व्हय. ठावं व्हतं."

तिनं आत जाऊन पेटी भरली. जाताना आईच्या पाया पडली, माझ्याकडं बघितलं नाही. तांदळाचं गाठोडं तात्या विसरून गेले, का मुद्दाम ठेवलं, माहीत नाही. आईनं त्या दिवाळीला त्यातला दाणा शिजवला नाही. माझ्याशी ती फक्त म्हशीबद्दल बोलायची.

दिवाळी गेली, थंडी पडली. उस्मानभाईंकडं एका साहेबाची गाडी यायची, त्यांनी त्याच्याशी बोलून मला एका कंपनीत लावलं. सहा महिन्यांचं काम, हेल्पर म्हणून. मामाला कळलं तसा तो धावत आला. "आता खरंच सर्व्हिस लागली! चल तळेगावला. तू काय बोलू नको, मी बोलतो. कंपनी म्हनायचं आन गप बसायचं." सगळ्या वाटेनं तो मला हेच सांगत होता.

तात्यांनी पाणी दिलं, पोहे नाही. मामानं मांडी ठोकली, सांगितलं, मोठी कंपनी, आत झाडं लावलेली, एवढं मोठं दार. तात्या ऐकून घेत होते. मग त्यांनी माझ्याकडं तोंड केलं.

"परमनंट?"

मामानं माझा गुडघा दाबला. आतल्या दाराआडून लुगड्याचा काठ दिसत होता, हालत नव्हता. मी म्हणालो, "न्हाई. सहा म्हैन्याचा हाय. मशीनवर न्हाई, मशीनखाली पडलेला लोखंडाचा कीस भरून भायेर टाकतो. सहा म्हैन्यांनी काढत्यात. मग परत उस्मानभाईंकडं गाड्या धुवीन."

मामानं गुडघ्यावरचा हात काढून कपाळाला लावला.

"मंग हितं कशाला आलास?" तात्या म्हणाले.

"हेच सांगाया. आन तिला इचाराया."

"हे आधी बोलला असतास तर मी पोरगी दिली नसती."

"म्हनून तर न्हाई बोललो."

तात्यांच्या तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. मी उठायला लागलो, तेवढ्यात आतून विमल बोलली, माझ्याशी नाही, बापाशी.

"तात्या, त्यांस्नी इचारा, पाळी कंची हाय."

तात्यांनी विचारलं नाही. मीच दाराकडं बघून म्हणालो, "आता खरीच पाळी हाय. एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रातची."

"मंग सकाळच्याला भाकरी किती वाजता लागती, ते सासूबाईस्नी सांगितलंय का? का त्यांस्नी बी न्हाई सांगितलं?"

मामा हसला. तात्या हसले नाहीत, पण त्यांनी अडकित्ता हातात घेतला आणि म्हणाले, "पेटी जड हाय. सायकलवर न्हाई बसायची. गाडीनं न्या."

सहा महिन्यांनी कंपनीनं काढलं. मी खड्ड्यात उतरलो. पुन्हा घेतलं, पुन्हा काढलं, असं चार-पाच वर्षं चाललं आणि मग एकदाचा कायम झालो. पुढं निवृत्त होईपर्यंत कंपनीतच होतो, निरोपाला हार घातला, घड्याळ दिलं. विमलनं यातलं काहीही कधी मोजलं नाही. मालक काय करतात असं कुणी विचारलं की ती पटकन सांगायची, गाड्या धुत्यात. पोराच्या लग्नाच्या बैठकीत व्याह्यांनी विचारलं, काका कुठं सर्व्हिसला होते? ती म्हणाली, गाड्या धुवायचे. मी म्हणालो, अगं, कंपनीत होतो की मी. "ते मागनं," ती म्हणाली. "मला पसंत केली तवा गाड्या धुवायचे." ती मला चिडवत होती का शिक्षा देत होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्ही असेल. मी कधी भांडलो नाही.

घरी आणण्याआधी शेवटच्या खेपेला दवाखान्यात भरती करताना कागद भरणारी मुलगी खाली मान घालून विचारत होती. नाव, पत्ता, वय. मग म्हणाली, "काका, तुम्ही सर्व्हिसला होतात का बिझनेस?" सवयीनं मी विमलकडं बघितलं. तिला बोलायला दम नव्हता, डोळे मिटून पडली होती. मी म्हणालो, "गाड्या धुवायचो."

"म्हणजे बिझनेस लिहू?"

"काय पण लिही."

विमलच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसली, का काही दुखलं, ते विचारायचं राहिलं.